सड्यावरची लगोरी

रत्नागिरीच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, प्राण्या-झाडांच्या नोंदींसाठी जुलैत तीन दिवस होतो. दोन पावसाने खाल्ले, घावन्यांनी गोड केले. तिसऱ्या सकाळी कातळावर कुणीतरी फोटोसाठी रचलेली सात थरांची लगोरी दिसली आणि डोकंच फिरलं.

सड्यावर माती जेमतेम बोटभर, सावली नाहीच. कातळावर सुटा पडलेला चपटा दगड हेच तिथलं छप्पर. त्याखाली दिवसा पांढऱ्या पट्ट्यांची, गाजरासारख्या शेपटीची इवलीशी पाल दडते. शास्त्राला ती १९६३ साली ठाऊक झाली, याच जिल्ह्यातल्या डोर्ल्यातून. पावसाळ्यात देवगांडूळही, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बेडकांचा बिनपायांचा नातलग, दगडाखालीच सापडतं.

नोंदींसाठी दगड उचलावा लागतो, पण कसाही नाही. आधी जागेवरचा फोटो. खडूची खूण पावसात टिकत नाही. मग पलीकडची कड टेकलेली ठेवून अलीकडची उचलायची? चुकलं. खाली फुरसं, म्हणजे विषारी साप, असेल तर ते थेट पायावर. आकड्याने पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे दगडच ढालीसारखा मध्ये राहतो. परत ठेवताना प्राणी आधी बाजूला घ्यायचा, दगड बसवायचा आणि मग त्याला कडेशी सोडायचं. तो आपणच आत शिरतो. उलट क्रमाने केलं तर चिरडतो. देवगांडुळाला हात लावायचाच तर ओल्या हाताने, डासांचं मलम न लावता. रुतलेला दगड उपटायचा नाही. एकदा उचललेला लगेच पुन्हा उचलायचा नाही, कडेची ओल तुटते.

दिपकाडी ही सड्यावरची कंदाची वनस्पती मोजणं त्यामानाने सोपं. मीटरभर चौकट टाकायची आणि आतली झाडं मोजायची. मात्र पांढरी फुलं असतानाच, नुसत्या पानांवर गवताचा चकवा होतो.

सातबाऱ्यावर हा सगळा पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. मग सुरुंगाचे खड्डे, बाहेरची माती, हापूसची कलमं, आणि सुटे दगड गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधात. गडग्यातही पाली राहतील, असं ऐकवतात. राहतीलही कुठल्यातरी, पण गडग्यातून वारा आरपार जातो, कातळाला चिकटलेल्या एकट्या दगडासारखी ओल तिथे कुठली?

हललेल्या दगडाची जागा कातळावरच्या फिकट डागावरून कळते. लगोरीतले चार दगड असे डाग बघून बसवता आले. उरलेल्या तिघांचे डाग शेवाळाने केव्हाच बुजवले होते.