सलाइनची बाटली

मार्चचा पहिला आठवडा. अमळनेरकडचे एक आप्पा, साठीचे, मुलाच्या मोटारसायकलवर बसून आमच्या दवाखान्यात आले. कापसाच्या पऱ्हाट्या उपटताना एक खुंट चपलेतून डाव्या तळव्यात घुसला होता, त्याला तीन आठवडे झाले होते. हळद-तेल लावून वर फडकं बांधलेलं. ते सोडलं तर हिरवट पू आणि तो गोडसर वास. ड्रेसिंग रूममध्ये 14 वर्षं काढली की हा वास ओळखता येतो. स्यूडोमोनास नावाचे जंतू असणार असं वाटलं, आणि पुढे कल्चरमध्ये, म्हणजे पू वाढवून केलेल्या जंतूंच्या तपासणीत, तेच निघाले.

"दुखस का आप्पा?"

"दुखसच नही माले."

या उत्तराची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. स्पर्श कळतो का ते बघायला 10 ग्रॅमच्या जोराला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून वाकवला. डोळे मिटून बसलेल्या आप्पांनी एकदाही "हा" म्हटलं नाही. साखरेनं पायाच्या नसा बधिर केल्या होत्या.

डॉक्टरांनी मेलेलं मांस काढलं, इन्सुलिन आणि अँटिबायोटिक सुरू केलं. एक्स-रेत हाड तरी ठीक दिसलं. पण दहा दिवसांनीही जखम जिथल्या तिथे. सकाळी पुसलेला बुळबुळीत थर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. जंतू स्वतःभोवती अशी साय धरून बसतात, तिला बायोफिल्म म्हणतात. औषध तिच्या आत नीट शिरत नाही. त्यात मधुमेही पायाला रक्त कमी, म्हणून पोटातून घेतलेली गोळी जखमेपर्यंत पुरेशी पोचतच नाही. तेव्हा औषध थेट जखमेवरच द्यायचं ठरलं: नॅनो चांदीची पट्टी. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक नॅनोमीटर. चांदीचे कण इतके बारीक केले की तेवढ्याच वजनात त्यांचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो, आणि ओलाव्यात चांदीचे आयन दिवसेंदिवस झिरपत राहतात. ते जंतूंच्या आवरणावर आणि आतल्या कामकाजावर घाव घालतात. पट्टी महाग होती. मुलानं कापसाच्या पैशातून आणली.

पट्टी लावण्याआधी ओली करावी लागते. मी सलाइननं केली. जखम धुवायला हाताशी तीच बाटली असते, विचारच केला नाही. दोन पट्ट्या झाल्या, सहा दिवस गेले, फरक दिसेना. तिसरी उघडताना खोक्यातला कागद वाचला: निर्जंतुक पाण्यानं ओली करा, सलाइन नको.

मी तशीच डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "सलाइन म्हणजे 0.9 टक्के मिठाचं पाणी. मिठातला क्लोराइड चांदीला धरतो, सिल्व्हर क्लोराइड होतं, ते विरघळत नाही. मग चांदी जंतूंवर काम कशी करणार?" बारावीच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब मिठाच्या पाण्यात टाकला की दुधासारखा पांढरा साका व्हायचा. तो मी स्वतः पाहिला होता.

बाहेर येऊन आप्पांना आणि मुलाला सगळं सांगितलं. मुलगा काही बोलला नाही, फक्त दोन रिकाम्या पाकिटांकडे बघत राहिला. आप्पा म्हणाले, "मंग आते पानी वापर ना, माय."

पाणी वापरलं. नुसत्या पाण्यानं जखम भरली असं मी म्हणणार नाही. तोवर साखर उतरली होती, आणि आप्पा पायावर जोर न देता खाटेवर बसून राहिले, हे शेतकरी माणसाला सोपं नाही. पण चौथ्या पट्टीनंतर बुळबुळीत थर परतला नाही, आणि तळाशी लाल, ओलसर दाणे दिसले, डाळिंब फोडल्यासारखे. दर आठवड्याला पारदर्शक कागदावर जखमेची कड गिरवायचे. ते कागद एकावर एक धरले की कड आत सरकताना दिसायची. थर गेल्यावर डॉक्टरांनी चांदी थांबवली, कारण ती नव्या पेशींनाही जड जाऊ शकते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी आप्पा आले तेव्हा गिरवायला काही उरलंच नव्हतं. सणाला पुरणाचा अर्धा मांडा चालेल, आमरस नको, एवढं ठरलं. मुलानं पिशवीतून नवे, मऊ तळाचे बंद बूट काढले. आप्पांनी आधी दोन्हींत हात घालून आतून चाचपलं, खडा-काटा नाही ना बघितलं, मी शिकवलं होतं तसंच, आणि मगच पाय घातला.