सडन, फ्रीक, अ‍ॅब्रप्ट: इंग्रजी सरावाची नोंद

या टप्प्यात फक्त अवचित घडणाऱ्या गोष्टींची विशेषणं घेतली. सगळ्यालाच 'सडन' चिकटवायची सवय मोडायला जळगाव-धुळ्याच्या बातम्या वापरल्या. पद्धत अशी: एका कार्डावर एक घटना, मराठीत एका ओळीत. खाली विशेषणं. न बसणारं खोडायचं आणि का खोडलं ते पाठीमागे लिहायचं. कारण लिहिलं नाही तर पुढच्या खेपेला तीच चूक होते.

सगळ्यात कामाचं ठरलं रावेरच्या केळीचं कार्ड: मे महिना, घड कापणीला आलेले, वादळात बाग आडवी. 'सडन' फक्त वेग सांगतं. 'अनएक्स्पेक्टेड' म्हणजे कुणाला अंदाज नव्हता. आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा आला असेल तर हे खोडा, 'सडन' मात्र राहू द्या. 'अनसीझनल' फेब्रुवारीतल्या गारपिटीला लागतं, जुलैच्या पावसाला नाही. 'फ्रीक' म्हणजे क्वचितच घडणारं विचित्र काही, आणि ते नामाआधीच येतं: 'अ फ्रीक स्टॉर्म' बरोबर, 'द स्टॉर्म वॉज फ्रीक' चूक. उन्हाळी वादळं नेहमीची असलेल्या पट्ट्यात ते जपूनच वापरा. 'अनप्रेसिडेंटेड' म्हणजे पूर्वी कधीच न घडलेलं. जोर 'प्रे'वर, आधी 'व्हेरी' नको. जळगावच्या 45 अंशांना तर हे विशेषण शोभतच नाही!

भुसावळच्या अलीकडे गाडी थांबली. गचका बसला तर 'अ‍ॅब्रप्ट हॉल्ट'. वेळापत्रकात थांबा नसेल तर 'अनशेड्यूल्ड', मग गाडी कितीही हळू थांबलेली असो. 'अ‍ॅब्रप्ट' माणसाला लावलं की अर्थ होतो तोडून बोलणारा.

न कळवता आलेले मामा 'अनएक्स्पेक्टेड गेस्ट'. 'अनइन्व्हायटेड' म्हणजे बोलावलेलंच नव्हतं. शेवभाजीचं ताट पुढे करून असं म्हणू नये.

'अनफोर्सीन' खर्च, विलंब, अडचणी यांच्यासोबत येतं. करारात, अर्जात शोभतं, गप्पांत जड होतं. आनंदाच्या बातमीला सहसा लावत नाहीत.

सगळ्यात जास्त खाडाखोड 'सरप्राइज'वर झाली. साहेब न सांगता शाळेत आले तर ती 'सरप्राइज व्हिजिट'. 'सरप्राइजिंग व्हिजिट' म्हटलं तर भेटच नवलाची होते: जो कधी फिरकत नाही तो आला. आणि मुख्याध्यापक 'सरप्राइज्ड', पुढे 'बाय' किंवा 'अ‍ॅट'. 'ही वॉज सरप्राइजिंग' लिहिलं की नवल वाटणारे मुख्याध्यापक स्वतःच नवल होऊन बसतात.