तीन वर्षे वहीतच राहिलेली भाजणी

चकलीची भाजणी घरी करून विकावी, असे मला प्रथम २०१९ च्या दिवाळीत वाटले आणि पहिले पाकीट माझ्या हातून बाहेर पडले ते २०२२ मध्ये. मधल्या तीन वर्षांत मी काहीच केले नाही असे मात्र नाही, आणि खरी अडचण तीच होती. एक दोनशे पानी वही जवळजवळ भरली होती. तीत नावांची यादी होती (चौदा नावे, त्यांतली निम्मी देवीची), पाकिटांचे भाव होते, दळणाच्या यंत्राची तीन दरपत्रके चिकटवलेली होती. नोकरी हिशेबाची असल्यामुळे रकाने आखण्यात मी पटाईत. कोणी विचारले की "तयारी चालू आहे" असे सांगता येई, आणि ते खोटे नसल्यामुळे मनाला टोचतही नसे.

त्या काळात लिज्जतची गोष्ट मला निदान दहा जणांनी ऐकवली असेल. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, हे मला तोंडपाठ झाले होते. माझ्यावर तिचा परिणाम उलटाच झाला. त्या सात होत्या, मी एकटी. त्यांचा काळ वेगळा, पापड वेगळा, अशी कारणे मी त्याच गोष्टीतून काढत बसले. पहिल्या दिवशी त्यांची पापडाची चारच पाकिटे झाली होती, या तपशिलाकडे मात्र माझे कधी लक्ष गेले नाही.

माझ्या धास्तींचे मोजमाप आता केले तर हसू येते. वर्षाला १२ लाख रुपयांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या घरगुती खाद्यव्यवसायाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची साधी नोंदणी पुरत होती आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये होते. ती मी "कायदेशीर बाबी" अशा भारदस्त मथळ्याखाली वर्षभर पुढे ढकलली. जीएसटीवर तर मी चार पाने लिहिली होती. वस्तूंच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची, आणि माझ्याच वहीतला पहिल्या वर्षाचा अंदाज दीड लाखाचा!

हे सारे मोडले ते शेजारच्या काकूंनी. श्रावणातल्या एका संध्याकाळी मी त्यांना पाकिटाचे दोन नमुने दाखवून कोणता बरा, असे विचारत होते. त्यांनी दोन्ही बाजूला ठेवले, कपाटातून पाचशेची नोट काढली आणि म्हणाल्या, "अगं, पिशवीत दे नाहीतर डब्यात दे, पण वसुबारसेच्या आठ दिवस आधी मला पाच किलो भाजणी दे. हे आगाऊ घे, उरलेले नंतर." मी "पण काकू, अजून नाव ठरलेलं नाही" असे म्हणाले, ते आठवले की आजही ओशाळायला होते. नोट घेतली. आता तारीख माझ्या हातात राहिली नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी नोंदणीचा अर्ज भरला.

भाजणीचे प्रमाण सासूबाईंचे, आणि ते पितळी वाटीचे: चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, अर्धी मुगाची, शिवाय धणे-जिरे. विकायचे म्हणजे दर वेळी तेच व्हायला हवे, म्हणून मी प्रत्येक धान्याची वाटी काट्यावर ठेवली, तेव्हा कळले की एकाच वाटीत प्रत्येक धान्याचे वजन निराळे भरते. मग तांदूळ धुऊन सावलीत वाळवले, एकेक धान्य मंद आचेवर वेगळे भाजले आणि हरभऱ्याची डाळ तांबूस होईपर्यंत उलथने हलवत राहिले. पाच किलो धान्य भाजून गार झाल्यावर चार किलो सहाशे ग्रॅमच्या आसपास भरले. ओलावा उडून गेला होता. गिरणीत आणखी थोडे घटले. तीन वर्षे मी किमतीचा जो तक्ता सुधारत होते, तो पाच किलो धान्याचे पाच किलो पीठ होते असे धरून केलेला होता! त्या रात्री अकरा वाजता पुन्हा कढई चढवली.

गिरणीवाल्या काकांनीही एक गोष्ट शिकवली. आधीच्या दळणाचे पीठ जात्यात राहते, तेव्हा सकाळी तांदळाच्या दळणामागून नंबर लावायचा, म्हणजे गव्हाचे पीठ मिसळत नाही. वहीत दळणाचा दर होता, दळणाची वेळ नव्हती.

काकूंच्या चकल्या कडक झाल्या. त्यांनी ते दोन चकल्या वाटीत घालून, स्वतः येऊन सांगितले. मी मोहन किती घालायचे हे सांगितलेच नव्हते, कारण ते सर्वांना ठाऊक असते असे मी धरून चालले होते. तेव्हापासून पाकिटात पाणी, मोहन आणि तिखट-मिठाचे प्रमाण लिहिलेली चिठ्ठी असते. त्या दिवाळीत सगळी मिळून २३ किलो भाजणी गेली. लेबलवर घटक, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक आणि ठळक अक्षरांत "चकलीची भाजणी" एवढेच छापले, आणि नाव विचारायला अजून कोणी आलेले नाही.

धरसोड माझ्यातून गेली असे मात्र मी म्हणणार नाही. यंत्र घ्यावे की गिरणीवरच राहावे, याची नवी दरपत्रके गेले आठ महिने त्याच वहीत आहेत. परवा काकूंनी वही उघडी पाहिली आणि काही न बोलता मिटून ठेवली. विक्रेत्याला विचारले, तर तो म्हणाला, "ताई, तुमचं धान्य घेऊन या, माझ्याकडे दळून बघा." सोमवारी दहा किलो भाजून नेते आहे.