पोरगा सापडला, पत्ता मिळाला नाही

माझा २३ वर्षांचा भाचा गेल्या वर्षी घर सोडून गेला. का गेला ते मी लिहिणार नाही. ते त्याचं आहे, सांगायचं तर त्यानेच सांगावं. त्याचं मोबाइल लोकेशन मिळवायला आम्ही काय केलं आणि काय करायचं टाळलं, एवढंच इथे लिहिते. त्या दिवसांत नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आलेला जो तो म्हणायचा, ‘लोकेशन काढा ना बाप्पा, दोन मिनिटांचं काम आहे.’ ते दोन मिनिटांचं काम नाही, आणि नसावं, असं माझं आता ठाम मत आहे.

‘नंबर टाका, माणूस नकाशावर पाहा’ म्हणणाऱ्या वेबसाइटी आधी पाहून झाल्या. त्यांवर फक्त ‘महाराष्ट्र आणि गोवा’ असं सर्कल, म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, दिसतं. नंबर कुठल्या मालिकेतला, एवढ्यावरून ते सांगतात. माणूस गडचिरोलीत असो की कोलकात्यात, उत्तर तेच.

मग दादा मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेला. सिम त्याच्याच नावावर होतं. ‘रिचार्ज मी मारून राहिलो, पोरगा माझा, मग मला का नाही सांगत?’ असं तो तिथे बराच वेळ भांडला. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, लोकेशन आम्ही ग्राहकाला देत नाही, तुम्ही पोलिसांत जा. दादाला ती निर्दय वाटली. मला तिचं पटलं. आपल्याकडे किती बायकांचं सिम नवऱ्याच्या नावावर असतं, याचा विचार करा. सिमच्या मालकाला लोकेशन मिळू लागलं, तर मार खाऊन माहेरी पळालेली बाई त्याच रात्री सापडेल.

घरातल्या लॅपटॉपवर भाच्याचं गुगल खातं उघडंच होतं. ‘माझं डिव्हाइस शोधा’ एवढंच दाबायचं होतं. माझा मुलगा दाबायलाच निघाला होता, मी त्याला थांबवलं. दुसऱ्याच्या यंत्रात, खात्यात परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या डोक्यात कलम नव्हतं. त्याने चिठ्ठी ठेवली होती, ‘मी ठीक आहे, शोधू नका.’ सज्ञान मुलाने एवढं स्पष्ट लिहिल्यावर त्याच्या खात्यातून त्याच्या मागे लागायला माझं मन धजेना. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

एका ओळखीच्या माणसाने ‘डिटेक्टिव्ह’चा नंबर दिला. पैसे द्या, सीडीआर (कुणाला, कधी फोन झाले याची कंपनीकडची नोंद) आणि टॉवर लोकेशन घरपोच. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी असे सीडीआर विकणारी टोळी पकडली होती आणि त्यात खासगी गुप्तहेरही होते, हे मला आठवत होतं. मी तो नंबर दादापर्यंत पोहोचूच दिला नाही.

पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद झाली. फोटो, आधार, अंगावरचे कपडे, शेवटी कुठे दिसला, सगळं लिहून घेतलं. चिठ्ठी आम्ही लपवली नाही. तपास करणारे हवालदार वयाने मोठे, शांत होते. त्यांनी सांगितलं ते असं: सीडीआर कंपनीकडून मागवायला लेखी पत्र लागतं, ते वरिष्ठांच्या मंजुरीने जातं आणि ते कुणी मागवलं याची नोंद राहते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१ म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४, त्याखाली हे चालतं. फोन बंद असेल तर शेवटचा टॉवर तेवढा कळतो. आणि टॉवर म्हणजे घर नंबर नव्हे. शहरात तो काही शे मीटरचा परिसर, मोकळ्या रानात कित्येक किलोमीटर. भाच्याचा शेवटचा टॉवर गणेशपेठेकडचा निघाला. तिथे एसटी स्टँड, त्यामुळे तो कुठल्याही दिशेला गेलेला असू शकत होता.

कामी आला मोबाइलचा खोका. वहिनीने कपाटातून तो शोधून काढला, त्यावर पंधरा आकडी आयएमईआय होता. तो क्रमांक सिमचा नसतो, हॅण्डसेटचा असतो. त्याच फोनमध्ये नवं सिम टाकलं तरी नेटवर्कला ओळख पटते. तसंच झालं. काही दिवसांनी पोलिसांना नवा नंबर मिळाला, ते त्याच्याशी बोलले, तिकडच्या ठाण्यात बोलावून त्याचा जबाब झाला.

मग हवालदारांनी आम्हाला बोलावलं. ‘काका, पोरगा सुखरूप आहे. काम करून राहिला आहे. स्वतःच्या मर्जीनं गेला, असं लिहून दिलं त्यानं. पत्ता अन् नंबर घरी देऊ नका म्हणाला, म्हणून आम्ही देणार नाही.’

दादा खुर्चीवरून उठलाच. बापाला सांगत नाही म्हणजे काय! मी त्याला धरून बसवलं. मुलगा जिवंत आणि सुखरूप आहे की नाही, हे कळण्याचा आपल्याला हक्क होता आणि तो पोलिसांनी पुरा केला. तो कुठे राहतो, हा हक्क त्याचा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे बाहेर आल्यावर मी दादाला परत परत सांगितलं.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्या पीठावर आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, हे दादाला सांगितल्यावर तो पहिल्यांदा नीट ऐकू लागला. मग त्याच न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल सांगितला. अमली पदार्थांच्या खटल्यातल्या आरोपीला जामीन देताना गुगल मॅप्सवर पिन टाकून ठेवण्याची अट घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण पोलिसांनी आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवणं त्याच्या खासगीपणाला धक्का देतं. ‘आरोपीला एवढा हक्क आहे दादा, आपल्या पोराला नसेल?’ त्याने उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मिसिंग बंद करण्याच्या कागदावर सही केली. हवालदारांना एवढंच म्हणाला, आईशी एकदा बोल, असा निरोप तेवढा द्या.

निरोप पोहोचला. भाच्याचा फोन यायला बराच काळ गेला, पण आला, आणि आता येतो. लोकेशन कायम चालू ठेव, असा वहिनीचा आग्रह होता. मी तिला म्हटलं, एकदा विचार, आणि तो देईल ते उत्तर मान. तिने विचारलं, तो नाही म्हणाला. मात्र नागपूरला यायला निघतो तेव्हा प्रवासापुरतं लोकेशन तो स्वतःच पाठवतो आणि घरी पोहोचला की बंद करतो.