जुने स्पीडमास्टर विकत घेताना: माझा अनुभव

ओमेगा कंपनीचे स्पीडमास्टर प्रोफेशनल हे घड्याळ घ्यायचे ठरवले तेव्हा मला 2021 पासून त्याच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये येणारे 3861 क्रमांकाचे मशीन नको होते. त्याआधीचे, 1861 मशीनचे घड्याळ हवे होते. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे तसे एक घड्याळ बॉक्स आणि वॉरंटी कार्डासह विक्रीला आहे असे ओळखीतून कळले, म्हणून ते पाहायला गेलो.

या घड्याळाच्या देखणेपणाचे मूळ 1957 च्या पहिल्या मॉडेलमध्ये आहे. वेग मोजण्याची टॅकीमीटरची पट्टी तोवर क्रोनोग्राफच्या, म्हणजे स्टॉपवॉच असलेल्या घड्याळाच्या, तबकडीवरच छापलेली असे. ओमेगाने ती काचेभोवतीच्या कड्यावर नेली आणि आतली काळी तबकडी मोकळी झाली. एक किलोमीटर अंतर 45 सेकंदांत कापले, तर मधला लांब काटा कड्यावरच्या 80 या आकड्यापाशी येतो, म्हणजे वेग ताशी 80 किलोमीटर. (घोडबंदर रोडवर हा प्रयोग होणे नाही.) नासाने 1965 मध्ये हे घड्याळ मंजूर केले आणि 1969 मध्ये ते चंद्रावर गेले, हे बहुतेकांना ठाऊक असते, मला मात्र चंद्रापेक्षा केसचे, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाचे, अधिक आकर्षण आहे. तिची उजवी बाजू डावीपेक्षा किंचित रुंद असते, त्यामुळे चावी आणि दोन्ही बटणे तिच्या आडोशाला राहतात. पट्टा धरणारे चारही लग पिळल्यासारखे वळतात आणि त्यांच्यावरचा चकाकता भाग व रेघांचा मंद भाग एका धारदार कडेवर मिळतात. कोणी हौसेने केस बफिंगच्या, म्हणजे पॉलिश करण्याच्या, चाकावर धरली की ही कड गोलावते, आणि घड्याळ नव्यासारखे चमकत असूनही त्याची किंमत उतरते. म्हणून मी खिडकीच्या उजेडात आधी लगच पाहिले. बारीक ओरखडे भरपूर होते, पण कडा शाबूत होत्या. काच हेसालाइटची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची असल्याने तिच्यावरचे चरे पॉलिशने निघतात, म्हणून त्यांची चिंता नव्हती. भिंगातून पाहिल्यावर तिच्या मध्यभागी कोरलेले ओमेगाचे सूक्ष्म चिन्हही दिसले.

पैसे देण्याआधी मागचे झाकण उघडून पाहू द्यावे, ही माझी अट त्यांनी लगेच मान्य केली. जो विक्रेता ती मानत नाही, त्याच्याशी पुढे बोलू नये असे माझे मत आहे. नौपाड्यातील माझ्या परिचयाच्या घड्याळजींनी झाकण आणि त्याखालचे आतले आवरण काढून मशीनवरचा क्रमांक वाचला आणि तो लगच्या मागचा क्रमांक व कार्ड यांच्याशी ताडून पाहिला. क्रोनोग्राफचा ब्रेक, म्हणजे त्याचा काटा थांबवणारा भाग, प्लास्टिकचा निघाला, आणि 1861 मशीनमध्ये तो तसाच असतो. बटण दाबल्यावर काटे नेमके शून्यावर परतत होते. त्यानंतर त्यांनी पूर्ण चावी देऊन घड्याळ टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवले आणि त्या यंत्रातले लिफ्ट अँगल हे सेटिंग या मशीनसाठी 50 अंश केले, कारण ते नेहमीच्या 52 वर राहिले तर बॅलन्स चाकाच्या, म्हणजे घड्याळात मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या, झोक्याचा आकडा चुकीचा येतो. तबकडी वर असतानाही तो झोका 250 अंशांच्या खाली, म्हणजे हवा त्यापेक्षा कमी होता; याचा अर्थ मशीनमधले तेल सुकले होते. सर्व्हिसिंगच्या खर्चाइतकी रक्कम त्या गृहस्थांनी कुरकुर न करता कमी केली.

त्यानंतरही व्यवहार 2 लाखांच्या वरच राहिला. एवढी रक्कम रोखीने घेता येत नसल्याने ती बँकेतून दिली, आणि घड्याळाचा क्रमांक घातलेली सहीची पावती व मूळ बिलाची प्रत घेतली. सर्व्हिसिंगला घड्याळ सोडताना घड्याळजींच्या पावतीवर ‘केसला पॉलिश करू नये’ एवढे मी आवर्जून लिहून घेतले.