कॉलमचा स्वभाव

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील आमच्या प्रयोगशाळेत द्रव क्रोमॅटोग्राफीचा नवा कॉलम, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणारी सिलिकाच्या कणांनी भरलेली नळी, आला, की सोबतच्या प्रमाणपत्रावर विसंबून न राहता मी आधी युरॅसिल, टोल्युईन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलीन यांचे मिश्रण सोडून पाहते. युरॅसिल जवळजवळ न थांबता बाहेर पडते, त्यामुळे डेड टाइम, म्हणजे कुठेही न अडकणाऱ्या पदार्थाला कॉलम पार करायला लागणारा वेळ, कळतो. टोल्युईन किती रेंगाळते तेही पाहते, पण खरा स्वभाव उघडा पडतो तो अल्कधर्मी अ‍ॅमिट्रिप्टिलीन सिलिकावर उरलेल्या सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेल्या -OH) गटांना चिकटून आलेखावरच्या आपल्या शिखराला शेपूट काढू लागते तेव्हा. गेल्या उन्हाळ्यात २५० मिलिमीटर लांबीचे, ५ मायक्रॉन कणांचे दोन सी-१८ (सिलिकावर अठरा कार्बनच्या साखळ्या जोडलेले) कॉलम आले. कागदावर जुळे भाऊच. पीएच ७ ला मात्र एकाचे पीक, म्हणजे आलेखावरचे शिखर, ताठ उभे राहिले, तर दुसऱ्याचा टेलिंग फॅक्टर, म्हणजे शेपटाचे माप (सममित शिखराचे १), २ च्या वर गेला. स्वस्त तोच होता, हे सांगायला नकोच. खरेदी विभागाच्या टेबलावर मी दोन्ही क्रोमॅटोग्राम, म्हणजे ते आलेख, शेजारी-शेजारी ठेवले.