विहिरीजवळचं झाड

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन एकर केळी उपटून टाकली. जेमतेम दोन महिन्यांची बाग. तेव्हापासून भेटेल ती बाई विचारते, "सगळीच कशाला काढली वं?" मी सगळ्यांना हिशोब सांगते. हिशोब खरा आहे, पण माझं ठरलं ते हिशोबावरून नाही.

आमचं वावर यावल तालुक्यात. हे सुरतला कामाला, म्हणून शेती माझ्याकडे. जुलैच्या सुरुवातीला मृगबाग, म्हणजे पावसाळ्यातली केळी, लावला. टिश्यू कल्चरची रोपं, पाच बाय पाच फुटांवर, म्हणजे दोन एकरात साडेतीन हजाराला थोडी कमी. ऑगस्टात झड लागली. सातपुडा आठ-दहा दिवस ढगातून बाहेर आलाच नाही. मग कोवळ्या पानांवर शिरांच्या कडेने पिवळे पट्टे दिसायला लागले.

हरण्या.

पुस्तकी नाव कुकुंबर मोझॅक. कुकुंबर म्हणजे काकडी, हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. फवारणी होते ती माव्यावर. लागण झालेलं झाड काही बरं होत नाही. दिसलं की मुळासकट काढायचं आणि वावराबाहेर नेऊन पुरायचं, एवढंच हातात.

पहिल्या आठवड्यात ६० झाडं काढली. दुसऱ्यात २१०. तिसऱ्यात ५४०.

आता तो हिशोब, जो मी सगळ्यांना सांगते. चौथाई बाग गेलीच होती. नांग्या भरल्या असत्या, म्हणजे मोकळ्या जागी पुन्हा रोपं लावली असती, तर ती उशिरा निसवली असती, म्हणजे त्यांचे घड उशिरा बाहेर पडले असते, आणि मागेपुढे झालेल्या बागेचा भाव व्यापारी हमखास पाडतो. (जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणे. व्यापाऱ्याला ते सांगून बघा.) नवं कोवळं रोप म्हणजे माव्याला पुन्हा ताजं जेवण. विमा हवामानाचा: थंडी, उन्हाळा, वारा, गारपीट. हरण्या त्यात बसत नाही. एका रोपाला १५ रुपये मोजले होते, ते बुडाले. पण वावर मोकळं केलं तर ऑक्टोबरात कांदेबाग लावता येतो. नावात कांदा असला तरी ती केळीच, पावसाळ्यानंतर लावलेली.

हे सगळं मी वहीत दुसऱ्याच आठवड्यात मांडलं होतं. तरी पुढे दहा-बारा दिवस रोज सकाळी पिशवी घेऊन एकेक झाड बघत फिरतच होते. ह्यांचा फोन आला की म्हणायचे, "थोडं थांब, ऊन पडू दे." मला तेच ऐकायचं होतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळी विहिरीजवळच्या ओळीत होते. तिथे एक झाड होतं, ठिबकच्या नळीला गळती असल्यामुळे बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच. त्याचं पान हातात घेतलं, उन्हाकडे धरलं. पट्टा होता. बारीक, पण होता. मग आठवलं की हे पान मी काल पण असंच धरलं होतं. परवा पण. चार दिवस मी त्या झाडाशी येत होते, पट्टा बघत होते आणि "नक्की नाही" म्हणून पुढे जात होते.

मी तिथेच बांधावर बसले. हे एक सापडलं. अशी किती सोडली असतील? चांगलं पोसलेलं, रस्त्यावरून दिसणारं, माझ्या हाताने लावलेलं. रोगट झाड ओळखायला मला येत होतं. उपटायला जीव होत नव्हता, आणि तो दोष मी डोळ्यांवर ढकलत होते. अशा माणसाने निवड करायचीच नसते. दुसऱ्या दिवशी सहा बाया लावल्या, दोन दिवसांत वावर साफ. ह्यांना फोन केला तो अर्धं वावर रिकामं झाल्यावर. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मजुरी दिली का?"

राहिली काकडी. सासूबाई दरवर्षी बांधावर काकडीचे दोन-चार वेल आणि चवळी लावतात. हरण्याचा विषाणू काकडीवर राहतो, चवळीवरही. आमच्याकडे तो तिथूनच आला की रोपांबरोबर, कोण सांगणार? पण वेल ठेवून चालणार नव्हतं. मी त्यांना खरं सांगितलं नाही. म्हटलं, "आई, ट्रॅक्टर वळायला बांध मोकळा पाहिजे."

त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी गेले तर वेल त्यांनीच उपटून खड्ड्यात टाकले होते. घरी ओट्यावर एक पिकून पिवळी झालेली काकडी चिरून ठेवलेली, आणि त्या बिया राखेत चोळत बसलेल्या.

"पुढच्या वर्षी घरामागे लावू," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "वावरात नको."